डब्ब्याला गोडं पाणी

गाडी कितीही घासून धुवा, मडगार्डच्या आत चिखलाचा एक थर राहतोच. गजूच्या वॉशिंग सेंटरवरचे किस्से तसेच साचले आहेत. आपल्याला वाटतं सगळे सांगून झाले, आणि मग चहा पिता पिता कोणीतरी नुसतं ‘डब्बा’ म्हणतो आणि एक ढेकूळ गळून पडतं. त्याच्या मागून दुसरं.

वॉशिंग सेंटर आहे वडनेर भोलजीच्या थोडं पुढं, हायवेला लागून. एक रॅम्प, एक प्रेशर पंप, एक बोअर आणि निंबाखाली एक बाज. पंप गजूचा, बाज आमची. बाजेवर आम्ही तिघं. मी सातवीत शाळा सोडली आणि तेव्हापासून लोकांच्या खोड्या काढतो, त्यात मात्र कधी नापास झालो नाही. बशीरभाई पेंटर, तालुक्यातल्या निम्म्या ट्रॉल्यांवरची नावं त्याच्या हातची. आणि माणिकभाऊ, एसटीचे रिटायर ड्रायव्हर. सगळी नोकरी लोकांना पोचवण्यात गेली, पण स्वतःच्या बायकोला घेऊन शेगावच्या पुढं काही गेले नाहीत.

म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी डब्बा घेतला.

डब्बा म्हणजे जीपच्या मागं जोडायची घरगाडी. आत पलंग, छोटा ओटा, खिडकीला पडदा. नागपूरकडच्या कोण्या शौकीन माणसाची होती, एक्सल मोडून मलकापूरच्या एका गॅरेजात पडली होती. भाऊंनी नीट करून, जुन्या जीपला जोडून आणली. पांढरी, दुधासारखी. शांतावहिनींनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, “आता मले समुद्र दाखवा. डोळे हायेत तोवर.”

वहिनींना काचबिंदू. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही आणि आहे तीही हळूहळू जाईल.

भाऊ म्हणाले, “दाखवतो ना. फक्त एक पॉलिश मारून घेतो.”

०

डब्बा सेंटरवरच उभा राहायचा, कारण भाऊंच्या गल्लीत तो वळत नव्हता. समोर रस्त्यापलीकडं लग्नाचं लॉन. एका मे महिन्यात भाऊ डब्ब्यात शिरून, दार लावून, खिडक्यांचे रबर खोबरेल तेलानं चोळत बसले होते. बाहेर पाण्याचा ड्रम, त्यावर मग्गा.

सफारी घातलेला एक पाहुणा रस्ता ओलांडून आला. पांढरा डब्बा पाहिला, पायरी पाहिली, ड्रम पाहिला आणि दारावर टकटक केली.

आतून भाऊ ओरडले, “कोन हाये? मले अजून अर्धा तास लागन.”

पाहुणा दोन पावलं मागं सरला आणि उभा राहिला. त्याच्या मागं दुसरा आला. मग तिसरा, हातात मग्गा भरून. मी बाजेवरून उठलो आणि ओळ सरळ करून दिली. म्हटलं, “धीर धरा मंडळी, आत म्हातारा मानूस हाये.”

थोड्या वेळानं सफारीवाल्यानं पुन्हा टकटक केली. आतून आवाज आला, “एक बाजू झाली, दुसरी राह्यली.”

नवरदेवाचा मामा पोट धरून उभा होता. तो मला हळूच म्हणाला, “काय खाल्लं हो या मानसानं?”

शेवटी भाऊ दार उघडून बाहेर आले, हातात तेलाची बाटली. मामा बाटलीकडं पाहतच राहिला. भाऊ मात्र दाराकडं पाहत होते. “कोनं बोटं लावली बे दाराले? सकाळीच पुसलं होतं.”

०

आमच्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं. तोट्या वर्षभरात गळायला लागतात, बादल्यांना पांढरी साय धरते, भिंतींचे पोपडे पडतात. धुतलेल्या गाडीवर बोअरचं पाणी वाळलं की पांढरे ठिपके बसतात. ट्रॅक्टरवाल्यांना त्याचं काही नसतं. भाऊंना होतं.

“मिठानं पत्रा खाल्ला जाते,” भाऊ म्हणायचे. “अन् समुद्राजवळ तं हवाच खारी. आधी याले पक्कं करू, मंग जाऊ.”

गजूला सक्त ताकीद होती, डब्ब्याला बोअरचा थेंब लागता कामा नये. नळाला येणारं गोडं पाणी भाऊ घरून कॅनमध्ये भरून आणायचे. सेंटरच्या छतावर त्यांची वेगळी टाकीच होती, आणि तिच्यातलं पाणी दर रविवारी प्रेशरनं डब्ब्यावर. वरून खाली, मग खालून, मग चाकात. चाकाच्या खोबणीत तर पंपाची गन घालूनच मारायला लावायचे. “कचरा राह्यला नाही पायजे,” म्हणायचे.

एकदा मी आणि बशीरभाई त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला. पहिला घोट घेतला आणि बशीरभाईनं माझ्याकडं पाहिलं. खारट, आणि वर दूध फाटलेलं.

मी म्हटलं, “वयनी, साखरेच्या डब्यात मीठ गेलं काय?”

“नाही भाऊजी. बोअरचा चहा हाये. गोडं पानी आंघोळीले गेलं.”

“कोनाच्या?”

“सवतीच्या.”

भाऊ खाली मान घालून तोच चहा प्यायले, थेंबही न ठेवता.

०

डब्ब्यावर नेहमी ताडपत्री असायची. वाऱ्यानं ती घासते म्हणून खाली गोधडी, गोधडीनं पॉलिश जाते म्हणून तिच्याखाली जुनं मऊ कापड. नवरीच्या अंगावर नसतील इतके पदर. मला राहवलं नाही. एका दुपारी धुळीनं भरलेल्या ताडपत्रीवर बोटानं मोठं लिहिलं: विकणे आहे.

तिसऱ्या दिवशी एक माणूस आला. त्याची नांदुऱ्याला अंडाभुर्जीची गाडी. भाऊ बाजेवर होते. मी त्याला भाऊंकडं पाठवून निंबामागं गेलो.

तो म्हणाला, “भाऊ, डब्बा मले द्या. भुर्जीले एक नंबर हाये.”

भाऊंचा चेहरा असा झाला की मी निंबामागं फांदी धरून हसलो. “फिरायले घेतला हाये मी तो,” भाऊ म्हणाले. “बायकोले समुद्रावर न्यायचं हाये.”

“कवा घेतला?”

भाऊंनी सांगितलं.

त्या माणसानं ताडपत्रीकडं पाहिलं. मग म्हणाला, “उभीच हाये ना भाऊ ती? माझ्याजवळबी उभीच राहीन.”

त्या दिवशी भाऊ चहा न पिताच घरी गेले. ताडपत्रीवरची अक्षरं मी माझ्या शर्टानं पुसली. गजू म्हणाला, “काका, पंप होता ना.”

०

आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. जू ओढून ओढून बैलाच्या खांद्याला घट्टे पडतात, त्यावर हळद आणि लोणी चोळतात आणि त्याला म्हणतात, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” माणिकभाऊंचे बैल कधीच विकले गेले होते. पण त्या साली वहिनी वाटीत लोणी-हळद कालवून थेट वॉशिंग सेंटरवर आल्या. तेव्हा त्यांना समोरचं दिसायचं, बाजूचं दिसेनासं झालं होतं.

“चोळते याले,” म्हणाल्या. “पुढं लांब जायचं हाये.”

मी म्हटलं, “वयनी, डब्बा कुठं ओढते? त्याले तं जीप ओढते.”

“मंग तुमच्या भाऊले चोळू काय? ते तं जाग्यावरून हलून नाही राह्यले.”

जीपला अडकवायच्या हुकाला त्यांनी नीट हळद-लोणी लावलं. उरलेलं दोन्ही हातांना फासून डब्ब्याच्या पांढऱ्या कपाळावर दोन पंजे उमटवले आणि वाकून म्हणाल्या, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” बशीरभाईनंही हात जोडले.

त्या गेल्यावर गजूनं पिवळे पंजे पाहिले. म्हणाला, भाऊ यायच्या आत काढतो. त्यानं शाम्पूचा फेस मारला. आता हळदीला साबण लागला की काय होतं, हे घरातल्या बायांना विचारा. पिवळ्याचं लालभडक झालं. अजून फेस मारला, अजून लाल. पांढऱ्या डब्ब्यावरून लाल ओघळ खाली यायला लागले आणि नेमके तेव्हाच भाऊ सायकलवरून उतरले.

“कोन मेलं बे?”

पुढं रोज घासणं चाललं. वहिनींनी निरोप पाठवला, उन्हात उभा करा, हळद आपोआप उडते. भाऊंनी उलटा निरोप पाठवला, उन्हानं पॉलिश जाते. मग ताडपत्रीखाली पंजे जिथल्या तिथं राहिले.

पोळा होऊन गेला. वहिनी मला बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “बैल जेवल्यावर कामाले तरी जाते भाऊजी. हा आवतन घेऊन बसलाच.”

०

नजर झपाट्यानं उतरायला लागली तेव्हा भाऊंनी बशीरभाईला बोलावलं. म्हणाले, डब्ब्याच्या या बाजूवर समुद्र काढ. जाईपर्यंत तिला पाहायला होईल. जायचं ठरलंच होतं, फक्त छताच्या सांध्यांत सिलिकॉन भरायचं राहिलं होतं.

बशीरभाईनं आयुष्यात वाघ काढले, गरुड काढले, आईचा आशीर्वाद काढला. समुद्र त्यानंही पाहिला नव्हता. तसं मोठं पाणी त्यानं एकच पाहिलेलं, नळगंगा धरणाचं. चार दिवस तो डब्ब्यापुढं ब्रश घेऊन बसला. आम्हाला पाहू देईना.

पाचव्या दिवशी भाऊंनी वहिनींना हाताला धरून आणलं. वहिनी अगदी जवळ गेल्या, नाक टेकेल इतक्या. मान वळवून वळवून, तुकड्या-तुकड्यानं सगळं पाहिलं. निळं पाणी, पांढऱ्या लाटा, सूर्य. मग एका जागी थांबल्या.

“बशीरभाऊ, याच्यात म्हशी काऊन हायेत?”

बशीरभाईनं ब्रश खिशात घातला. “भाभी, नुस्तं पानीच पानी काढलं तं ते केवढं हाये हे समजून नोतं राह्यलं. म्हून म्हशी टाकल्या.”

“समुद्रात म्हशी राह्यतात?”

“काठाले असतीलच ना एखाददोन.”

वहिनी हसल्या. हात लावायला गेल्या तर भाऊ म्हणाले, “थांब, ओलं हाये. वरून वार्निश मारतो, मंग लाव.”

वार्निश मारलं. ते वाळेपर्यंत पाऊस लागला आणि ताडपत्री पडली. ताडपत्री निघाली तेव्हा वहिनींनी हात लावला, पण म्हशी कुठं आहेत ते बशीरभाईला बोट धरून दाखवावं लागलं.

०

हा किस्सा लहान आहे. डब्बा पुसायला भाऊंना सुती आणि मऊ कापड लागायचं, नाहीतर ओरखडे पडतात. घरातली जुनी लुगडी त्यात संपली. एक दिवस वहिनी गजूच्या सेंटरवर आल्या, शेजारच्या सुनेचा खांदा धरून. पेटीतलं एक जांभळं लुगडं शोधून शोधून त्यांनी नाद सोडला होता. समुद्रावर नेसायला ठेवलेलं.

भाऊ डब्ब्याच्या मागं होते. पदराकडचा हातभर तुकडा त्यांच्या मुठीत, पॉलिशनं पांढरा झालेला. उरलेलं लुगडं बाजेवर घडी करून ठेवलेलं. जुनं समजून घेतलं होतं त्यांनी. धुऊन धुऊन मऊ केलेलं होतं ना, म्हणून.

मी नेहमीसारखं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि बशीरभाईनं माझा गुडघा दाबला.

वहिनींनी चाचपडत घडी उचलली, कड कुठं फाटली ते बोटांनी पाहिलं.

“असू द्या,” म्हणाल्या. “मी नाही गेली तं नाही. माझं लुगडं तरी गाडीवर फिरून राह्यलं.”

०

मागच्या थंडीत निघालो.

वहिनींना तेव्हा उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. त्याच म्हणाल्या, “नजर गेली तं गेली. हवा तं लागन अंगाले.” भाऊंनी त्याच आठवड्यात ताडपत्री काढली. पंजे सोडले तर कुठं ठिपका नाही, ओरखडा नाही, रबर नवं असल्यासारखं. नव्या गाडीला नसेल अशी चमक. आम्हाला म्हणाले, “तुमीबी चला.” मी आणि बशीरभाई जीपमध्ये पुढं बसलो. वहिनी मागं डब्ब्यात, पलंगावर, तेच जांभळं लुगडं नेसून. गजूनं चाकांखाली लिंबं ठेवली.

मलकापूर यायच्या आत मागून किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला. मग धूर. एक चाक फिरायचंच थांबलं.

मेकॅनिक आला, त्यानं चाक खोललं. आत ग्रीसचा ठिपका नव्हता. बेरिंगचा लाल भुगा त्याच्या तळहातावर पडला. त्यानं चाकाकडं पाहिलं, मग त्या चकाकणाऱ्या डब्ब्याकडं.

“एवढं पानी कोनं मारलं याच्यात?” तो म्हणाला. “धुऊन धुऊन मारला तुमी याले.”

भाऊंनी विचारलं, “समुद्रापर्यंत जाईल?”

“घरापर्यंत न्या. हळू. दुसरा एक्सल भेटेपर्यंत हात लावू नका.”

त्यानं दुपारपर्यंत खटपट करून चाक फिरण्यापुरतं केलं. वहिनी आत होत्या, खिडकी लावलेली. त्यांना काय ऐकू गेलं आणि काय नाही, माहीत नाही. आम्ही सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. मी जेवणाचा डबा नेऊन दिला तेव्हा भाकर खाऊन कूस बदलून झोपल्या.

परत फिरलो. भाऊ दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाहीत. बाजूनं बैलगाडीसुद्धा पुढं निघून गेली. एरवी मी तिच्यावर दहा गोष्टी बोललो असतो.

दिवस मावळायला सेंटरवर आलो. गजू धावत आला आणि आमची तोंडं पाहून थांबला. जीप बंद झाली तसा मागून आवाज आला.

“अवो, थांबलं काऊन? आला काय?”

भाऊ स्टेअरिंगला धरून बसले. बशीरभाईनं माझ्याकडं पाहिलं. कुणालाही काहीही सांगून पटवावं तर मीच, हे सगळ्या तालुक्याला माहीत. मी निंबाकडं पाहत बसलो.

भाऊ उतरले.

“गजू, बोअर चालू कर.”

“भाऊ, टाकीत गोडं पानी हाये. तुमचंच.”

“बोअर म्हटलं ना. अन् गन वर धर. वरून पडू दे.”

गजूनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि बटन दाबलं. पंप घुमायला लागला. पाणी उंच गेलं, फुटलं आणि डब्ब्याच्या छतावर आदळलं. पॉलिशवरून, पंज्यांवरून, बशीरभाईच्या लाटांवरून खाली यायला लागलं. एकदा आदळायचं, ओसरायचं, पुन्हा आदळायचं. गजू गन हलवत होता, त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

भाऊंनी स्वतः जाऊन खिडकी उघडली. आतून वहिनींचा हात बाहेर आला. तळवा उताणा करून त्यांनी पाणी घेतलं, तोंडावर घेतलं, मग बोट जिभेला लावलं.

“खारं हाये,” म्हणाल्या.

“हाव,” भाऊ म्हणाले.

तेवढ्यात रस्त्यावरून गावच्या म्हशी घरी निघाल्या होत्या. त्यातली एक नेमकी सेंटरसमोर येऊन रेकली, लांब, पोटातून. गजूचा हात जागच्या जागी थिजला. बशीरभाईनं डोळे मिटून घेतले.

वहिनींनी मान तिकडं वळवली. मग हसायला लागल्या.

“म्हशीबी हायेत म्हंजे. बशीरभाऊनं बरोब्बर काढलं होतं.”

पाणी पडत होतं. भाऊ खिडकीखाली उभे, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले, वहिनींचा हात त्यांच्या डोक्यावर.

“अवो,” वहिनी म्हणाल्या, “एवढा जवळ होता, मंग इतके दिवस काऊन नाही आनलं?”